कामावर दुखापत झाली तर: पहिल्या तासापासून पुन्हा मशिनवर उभं राहीपर्यंत

पावर प्रेसवर बोट गेलं, ग्राइंडरचा व्हील फुटून हाताला लागलं, रॅकवरून पेटी पायावर पडली. पुढं काय करायचं हे लहान कारखान्यांत बहुतेकांना अर्धवट माहीत असतं. जखमीला दवाखान्यात नेतात, दोन-चार हजार रुपये हातावर ठेवतात आणि "बरा झालास की ये" म्हणतात. तो दोन महिन्यांनी येतो तेव्हा जागा भरलेली असते, बोटं आखडलेली असतात आणि ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे) कागद कुणी भरलेलेच नसतात. जखम भरली तरी रोजगार गेलेला असतो, आणि हे बहुतेक वेळा पहिल्या चार-आठ दिवसांतल्या चुकांमुळं होतं.

हा लेख सुपरवायझर, एचआर सांभाळणारे, लहान कारखान्याचे मालक आणि स्वतः कामगार यांच्यासाठी आहे. पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे, तो बदलू नका.

एक गोष्ट आधी सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे. जुन्या फॉर्मचे क्रमांक किंवा कलमं बदललेली दिसू शकतात. म्हणून क्रमांक पाठ करत बसू नका, कोणता कागद कशासाठी लागतो ते समजून घ्या.

## १. अपघाताआधीची तयारी

प्रत्येक कामगाराचा ईएसआयसी विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्डाची (ईएसआयसीच्या ओळखपत्राची) प्रत सुपरवायझरच्या कपाटात हवी. अकाउंटंटच्या कॉम्प्युटरमध्ये ती असून उपयोग नाही, कारण रात्रपाळीत तो कॉम्प्युटर बंद असतो.

१० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार या योजनेत येतो, ठेकेदाराचा असला तरी. नव्या माणसाची नोंद रुजू झाल्यावर लगेच करायची असते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी अपघात झाल्यावर धावपळ करून नोंद होते आणि रुजू झाल्याची तारीख "आज"ची टाकली जाते. हा खोटेपणा पुढं गळ्याशी येतो. कामावरच्या दुखापतीच्या लाभासाठी अमुक दिवस वर्गणी भरलेली असावी अशी अट नसते. पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी कामगाराचा हक्क असतो, त्यामुळं तारीख खोटी लिहून काहीच मिळत नाही.

एका कागदावर या गोष्टी लिहून शॉप फ्लोअरवर लावा: जवळचा ईएसआय दवाखाना किंवा पॅनेल डॉक्टर, जवळचं ईएसआय रुग्णालय, चोवीस तास हाताची शस्त्रक्रिया होणारं रुग्णालय, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि प्रत्येक पाळीत जखमीबरोबर कोण जाणार त्याचं नाव.

तपासा: रात्री दोन वाजता अपघात झाला, तर तुमच्या पाळीतल्या माणसाला हा कागद कुठं आहे ते माहीत आहे का?

## २. पहिला तास

मशिन बंद करा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड थेट जखमेवर दाबून धरा आणि हात छातीपेक्षा वर ठेवा. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर ते कापावे लागतात.

जखमेवर हळद, चहा पावडर, कॉफी, ग्रीस काहीही लावू नका. डॉक्टरांना ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि संसर्गाचा धोका वाढतो.

बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते शोधा, डायमध्ये (मशिनच्या साच्यात) अडकलेलं असू शकतं. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, पाणी आत जाणार नाही अशा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ आणि पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी गोठून मरतात आणि ते पुन्हा जोडता येत नाही. बोट पाण्यातही बुडवून ठेवू नका.

जीव किंवा अवयव धोक्यात असेल तर "आधी ईएसआयच्या दवाखान्यात, मग पुढं" असा हट्ट धरू नका, जवळच्या सक्षम रुग्णालयात न्या. तातडीच्या वेळी बाहेर झालेल्या खर्चाची भरपाई नियमानुसार मागता येते. त्यासाठी सगळी बिलं, डिस्चार्ज कार्ड आणि केस पेपर जपून ठेवा आणि ईएसआय दवाखान्याला लवकरात लवकर कळवा.

## ३. केस पेपरवरची एक ओळ

या पायरीवर मी सर्वांत जास्त जोर देतो, कारण इथं बिघडलेली गोष्ट नंतर दुरुस्त होत नाही.

कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" बरोबर आलेला माणूस घाबरलेला असतो. पोलीस केस नको, मालकाला त्रास नको म्हणून तो सांगून टाकतो, "घरी पडला" किंवा "दरवाजात बोट सापडलं". डॉक्टर तेच लिहितात. ही ओळ पुढं सगळीकडं जाते: डिस्चार्ज कार्डावर, ईएसआयच्या फाइलमध्ये, कायमचं नुकसान किती ते ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डापुढं. मग दुखापत कामावर झाली हे सिद्ध करताना कामगार स्वतःच्याच कागदाशी भांडत बसतो.

लिहून यायला हवं ते असं: "दिनांक अमुक, वेळ अमुक, अमुक कारखान्यात पावर प्रेसवर काम करत असताना उजव्या हाताच्या तर्जनीला दुखापत." वेळ, जागा, मशिन, कोणता हात आणि कोणतं बोट, सगळं आलं पाहिजे. कारखान्यातल्या अपघाताची एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी) नोंद होते, त्याला घाबरायचं कारण नाही. ती नोंद कामगाराच्या बाजूचा पुरावा असते, आणि सचोटीनं वागणाऱ्या मालकाच्याही बाजूचा.

थांबा आणि वाचा: रुग्णालय सोडण्याआधी केस पेपरवर लिहिलेला इतिहास वाचा. चुकला असेल तर त्याच डॉक्टरांना त्याच वेळी दुरुस्त करायला सांगा आणि फोनवर फोटो काढून ठेवा.

## ४. पहिले चोवीस तास: कागदपत्रं

हा क्रम ठेवा:

१. कारखान्याच्या अपघात नोंदवहीत नोंद करा. कामगार स्वतः लिहू शकत नसेल तर दुसऱ्यानं त्याच्या वतीनं लिहावं. साक्षीदारांची नावं घाला.

२. ईएसआयसीच्या पोर्टलवर अपघाताचा अहवाल भरा. साधारण अपघातासाठी २४ तास धरा. मृत्यू, अवयव जाणं किंवा कायमचं अपंगत्व येण्याची शक्यता असेल तर अहवाल लगेच गेला पाहिजे.

३. कामगार ४८ तास किंवा जास्त काळ कामावर येऊ शकणार नसेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवण्याची जबाबदारी कारखान्यावर येते.

४. कामगार ईएसआयसीत बसत नसेल तर विमा कंपनीला, म्हणजे जिला आपण डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, कामगार भरपाई) पॉलिसी म्हणतो तिच्या कंपनीला, त्याच दिवशी लेखी कळवा. या पॉलिसीत औषधोपचाराचा खर्च आपोआप असेलच असं नाही, तो जोडून घेतलेला आहे का ते पाहा.

अहवालात "कामगाराच्या निष्काळजीपणामुळं" हे शब्द सवयीनं टाकले जातात. चौकशी न करता लिहिलेलं हे वाक्य कामगाराचं मन कायमचं तोडतं. शिवाय मशिनचा गार्ड (संरक्षक आडोसा) काढून ठेवलेला असेल, तर तपासणीत तेच वाक्य कारखान्यावर उलटतं. जे घडलं तेवढंच लिहा: मशिन, काम, गार्ड होता की नव्हता, दोन हातांचं बटण चालू होतं की बायपास केलेलं होतं.

कामगारासाठी: अहवालाची प्रत मागून घ्या. कंपनी देत नसेल तर ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात स्वतःच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. घरून कामावर येताना किंवा परत जाताना झालेला अपघातही कामाशी संबंध दिसत असेल तर यात बसू शकतो, म्हणून "रस्त्यावर झालं" म्हणून सोडून देऊ नका.

## ५. पहिला आठवडा: संपर्क कुणी ठेवायचा

एकच माणूस ठरवा. शक्यतो ज्याच्याशी जखमी कामगार मोकळेपणानं बोलतो असा. तिसऱ्या दिवसापर्यंत त्यानं प्रत्यक्ष भेटून यावं, नंतर आठवड्यातून एकदा फोन करावा.

भेटीत विचारायचं असतं: झोप लागते का, ड्रेसिंगला कोण घेऊन जातं, घरी पैशांची ओढाताण आहे का, गावी जायचा विचार आहे का. "कधी येतोस?" हा प्रश्न पहिल्या भेटीत टाळा. त्याऐवजी स्पष्ट सांगा: "तुझी जागा आहे. डॉक्टर काय म्हणतात त्याप्रमाणं बघू." हे वाक्य लवकर ऐकलेला माणूस परत यायची तयारी मनात सुरू करतो. ते न ऐकलेला दुसरीकडं काम बघायला लागतो किंवा वकिलाकडं जातो, आणि त्यात त्याची चूक नसते.

बोटांच्या आणि मनगटाच्या दुखापतीत याच आठवड्यात आणखी एक गोष्ट विचारा: डॉक्टरांनी कोणते सांधे हलवायला सांगितले आहेत? पट्टी एका बोटाला असते आणि माणूस भीतीनं पूर्ण हात, कोपर, खांदा महिनाभर झोळीत ठेवतो. जखम भरते, हात आखडतो. प्लास्टरबाहेरचे सांधे कधी, किती हलवायचे हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फिजिओथेरपीची पहिली तारीख ठरवूनच दवाखान्यातून निघा.

## ६. पैशांची बाजू: सर्टिफिकेटची साखळी तुटू देऊ नका

ईएसआयसीत असलेल्या कामगाराला तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के दरानं लाभ मिळतो. अट एवढीच की अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता आलेलं नसावं. साध्या आजारपणाचा लाभ ७० टक्के असतो आणि त्याला दिवसांची मर्यादा असते. कामावरच्या दुखापतीला अशी मर्यादा नाही, डॉक्टर प्रमाणित करतील तोवर लाभ चालू राहतो. म्हणूनच दुखापतीची नोंद चुकून "आजारपण" अशी होऊ देऊ नका.

हा लाभ डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर चालतो. पहिलं, मधली, शेवटचं अशी साखळी असते. दोन सर्टिफिकेटांत खंड पडला तर त्या दिवसांचे पैसे अडकतात. खंड बहुतेक वेळा गावी गेल्यामुळं पडतो. जखमी माणूस एकटा खोलीवर राहू शकत नाही, म्हणून बीडला, नांदेडला किंवा बिहारला घरी जातो. त्यानं अवश्य जावं, पण आधी दवाखान्यात सांगावं आणि गावाजवळच्या ईएसआय दवाखान्यात दाखवता येईल का ते विचारून घ्यावं. बँक खातं आणि आधार विमा क्रमांकाला जोडलेलं आहे ना, तेही निघण्याआधी बघावं.

आता सर्वांत जास्त होणारी चूक. लाभ चालू असताना कंपनी म्हणते, "नुसता येऊन बस, हजेरी लावतो." कामगारालाही बरं वाटतं. पण ज्या दिवशी तो काम करून वेतन घेतो त्या दिवशीचा लाभ त्याला घेता येत नाही. दोन्ही घेतलं तर वसुली निघते आणि त्याच्यावर खोटेपणाचा ठपका येतो. डॉक्टरांनी कामावर जायला योग्य म्हणून शेवटचं सर्टिफिकेट दिल्यानंतरच हजेरी लावा. त्याआधी ख्यालीखुशालीसाठी भेटायला या म्हणा, कामासाठी नाही.

आणि मालकांसाठी: तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामगाराला काढून टाकता येत नाही, त्याचं वेतन कमी करता येत नाही, शिक्षाही करता येत नाही. या काळात दिलेली कामावरून काढल्याची नोटीस कायद्यापुढं टिकत नाही.

ईएसआयसीबाहेरच्या कामगारांसाठी भरपाईची जबाबदारी मालकावर असते. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम आणि औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च द्यावा लागतो. दावा दाखल करायची मुदत अपघातापासून दोन वर्षं असते. शंभर रुपयांच्या स्टँपवर "पैसे मिळाले, यापुढं तक्रार नाही" असं लिहून घेतल्यानं हा हक्क संपत नाही. असे कागद करण्यात दोन्ही बाजूंचा वेळ वाया जातो.

## ७. डॉक्टरांना कामाची खरी माहिती द्या

डॉक्टरांना हात दिसतो, मशिन दिसत नाही. "हेल्पर" किंवा "ऑपरेटर" या शब्दांवरून त्यांना काही कळत नाही. म्हणून शेवटच्या सर्टिफिकेटच्या दोन आठवडे आधी एका पानावर कामाची माहिती लिहून कामगाराबरोबर पाठवा. नमुना असा:

*काम: ४० टनी पावर प्रेस. पाळी ८ तास, पूर्ण वेळ उभं. उजव्या हातानं साधारण अर्ध्या किलोचा तुकडा चिमटीत धरून डायवर ठेवायचा, दर मिनिटाला साधारण ८ वेळा. दोन्ही हातांनी बटण दाबायचं. तासाला एकदा १५ किलोचा क्रेट उचलायचा. हात तेलकट होतात. घर ते कारखाना १२ किलोमीटर, दुचाकीनं.*

शेवटची ओळ मुद्दाम आहे. अनेक जण काम करू शकतात, पण क्लच दाबू शकत नाहीत. कंपनीच्या बसची वाट त्याच्या खोलीवरून जाते का, एवढ्यानंही कधी कधी प्रश्न सुटतो.

पानाच्या खाली डॉक्टरांसाठी मोकळी जागा ठेवा: काय करू नये, किती वजन, किती तास, पुढची तपासणी कधी. जखमेचा तपशील किंवा इतर आजार विचारू नका, कंपनीला ते लागत नाही.

## ८. हलकं काम: लिहून ठरवा, मगच बोलवा

"पूर्ण बरा होऊनच ये" हा सल्ला काळजीपोटी दिला जातो आणि त्यानंच माणसाची नोकरी सुटते. महिने लांबले की हाताची ताकद जाते, मशिनची भीती बसते, सहकारी दुरावतात. डॉक्टरांनी शेवटचं सर्टिफिकेट देऊन परवानगी दिली की मर्यादित कामावर लवकर आणणं चांगलं.

पण हलकं काम खरं हवं. गेजनं तपासणी, टॅग लावणं, टूल क्रिबची नोंद, गेट पास, नव्या मुलांना डाय सेटिंग समजावणं ही कामं कारखान्याला लागतातच. दहा वर्षं प्रेस चालवलेल्या माणसाच्या हातात झाडू दिला, तर तो ते शिक्षा म्हणूनच घेतो. वेतन आधीचंच ठेवा. कमी वेतनावर हलकं काम दिलं की माणूस दुखणं लपवून लवकर मशिनवर जायला बघतो.

कागदावर एवढंच असावं:

- पहिला दिवस आणि पाळीची वेळ (पहिले काही आठवडे रात्रपाळी आणि ओव्हरटाइम नको)
- करायची कामं, आणि मुळीच न करायची कामं वेगळी
- आठवड्यागणिक काय वाढणार
- आढावा कधी, कोण घेणार
- दुखलं तर कुणाला सांगायचं
- हा बदल कधी संपणार

शेवटचा मुद्दा राहून जातो. तारीख नसेल तर हलकं काम वर्षभर रेंगाळतं, किंवा एखाद्या घाईच्या दिवशी अचानक संपतं. कागदावर कामगार, सुपरवायझर आणि एचआर तिघांच्या सह्या हव्यात. ठेकेदाराचा माणूस असेल तर ठेकेदाराचीही, नाहीतर तो त्याला दुसऱ्याच कंपनीत जड कामावर पाठवतो.

तपासा: दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरला ही मर्यादा माहीत आहे का? नियम बहुतेक वेळा त्याच्या पाळीत मोडतात.

## ९. परत आल्यावरचे आठवडे

तो येण्याआधी ते मशिन दुरुस्त झालेलं असलं पाहिजे. गार्ड बसवला, बायपास काढला, सेन्सर चालतो, हे त्याला नेऊन दाखवा. ज्या प्रेसनं बोट नेलं ती तशीच चालू दिसली, तर कोणतंही समुपदेशन उपयोगाचं नाही.

पहिल्या दिवशी त्याला थेट मशिनवर उभं करू नका. प्रेस खाली आली की अंग दचकतं, घाम येतो. हे स्वाभाविक आहे. आधी मशिन बंद असताना उभं राहू द्या, मग शेजारी कुणी असताना, मग एकट्यानं. "मर्द आहेस ना" असं म्हणणाऱ्यांना तिथून दूर ठेवा.

आठवड्याच्या आढाव्यात तीन प्रश्न पुरतात: कोणत्या कामानंतर दुखतं, संध्याकाळी सूज येते का, ठरलेल्यापेक्षा जास्त काम कुणी करायला लावलं का. दुखणं पुन्हा वाढलं तर अंगावर काढू नका. त्याच दिवशी दवाखान्यात परत पाठवा आणि ती जुन्याच दुखापतीची तक्रार आहे असं नोंदवून घ्या, नवा आजार म्हणून नाही.

## १०. कायमचं नुकसान राहिलं तर

उपचार संपल्यावरही बोट कमी असेल, वाकत नसेल किंवा पकड गेली असेल, तर मेडिकल बोर्डाकडं जायचं असतं. अर्ज शाखा कार्यालयामार्फत होतो. हे आपोआप होईल असं समजून वाट बघू नका.

कमाई करण्याची क्षमता किती गेली याचं कोष्टक कायद्याच्या परिशिष्टात आहे. अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. बोट तुटलं नाही पण आखडलं, तर ते कोष्टकात थेट सापडत नाही, बोर्ड तपासून ठरवतं. म्हणून फिजिओथेरपीचे कागद, ऑपरेशनच्या नोंदी आणि एक्सरे बरोबर न्या. मशिनवर नेमकी कोणती हालचाल जमत नाही ते करून दाखवा. टक्केवारी पटली नाही तर अपील करता येतं.

खूप माणसं एका गैरसमजापायी घरी बसतात: "कामावर गेलो तर पेन्शन बंद होईल." ते चूक आहे. कायमच्या अपंगत्वाचा लाभ आयुष्यभर चालू राहतो आणि कामावर असताना वेतनासोबतही मिळतो. कामावर गेल्यावर थांबतो तो तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ. हा फरक कामगाराला आणि त्याच्या बायकोलाही नीट समजावून सांगा, कारण निर्णय बहुतेक वेळा घरी होतो.

जुनं काम खरंच शक्य नसेल तर कारखान्यातच दुसरं काम आधी शोधा. ते नसेल तर ईएसआयसीची व्यावसायिक पुनर्वसनाची योजना विचारा. ती ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व आणि ४५ वर्षांपर्यंत वय असलेल्यांसाठी आहे. कृत्रिम बोटं, हात किंवा पाय आणि त्यांचा वापर शिकण्यासाठी मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डाचा (सरकारच्या अपंगत्व ओळखपत्राचा) अर्ज वेगळा करावा लागतो. मेडिकल बोर्डाची टक्केवारी आणि यूडीआयडीवरची टक्केवारी वेगवेगळ्या निकषांवर ठरते. त्यामुळं दोन आकडे जुळले नाहीत तरी घाबरू नका आणि एका कागदाच्या जागी दुसरा जोडू नका.